उसातला बिबट्या आणि अंथरुणातली मण्यार

ताई, डोंबिवलीच्या फ्लॅटमधून तुम्ही निफाडकडच्या मळ्यात आलात. घराच्या तीन बाजूंनी ऊस, पदरात 4 वर्षांची मुलगी. दिवेलागणीनंतर दार उघडायचा धीर होत नाही आणि सासूबाई म्हणतात, "शहरातली पोर, पालीलाही भिते."

भीती खोटी नाही, पण तुमच्या पत्रभर बिबट्याच आहे. आधी जमिनीकडे बघा.

मण्यार हा विषारी साप. ती रात्री हिंडते, खाली झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे पित्त समजून ओवा देत बसतात. जीव जातो तो या वेळेत. म्हणून मुलीला खाटेवर झोपवा, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. ओसरीत खाली झोपायची पद्धत मोडण्यावरून वाद झाला तर होऊ द्या. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा. सरपण भिंतीला टेकवून रचू नका. गोठ्यात सांडलेली ढेप रोज झाडा, उंदीर तिच्यावरच पोसतात आणि उंदरांमागे साप येतो. धामण दिसली तर जाऊ द्या, ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते.

साप चावला तर दोरी बांधणं, चिरणं, मांत्रिक यातलं काही नको. हातपाय हलू न देता 108 ला फोन करा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती जवळ कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवा.

आता बिबट्या. गोदाकाठच्या उसात मादी पिल्लं घालते, तोडणी लागली की तिचा आडोसा जातो. पिल्लं दिसली तर फोटोसाठी उचलू नका. तोड थांबवून वनविभागाला 1926 वर कळवा. पिल्लं जागच्या जागी राहिली तर बहुधा रात्री आई घेऊन जाते. अंगणात मोकळं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण, ते रात्री आत घ्या. अंधारात उघड्यावर वाकून बसू नका, बसलेलं माणूस त्याला जनावराएवढंच दिसतं. समोर आलाच तर पळायचं नाही; न वाकता मुलीला उचलून, ओरडत मागे सरकायचं. रात्रीच्या लाईटीवर पिकाला पाणी भरायला नवऱ्याला एकटं पाठवू नका. गमबूट, बॅटरी, काठी हवीच, मोबाईलवर गाणीही मोठ्याने लावू द्या. पिंजऱ्याचा हट्ट मात्र धरू नका. एक पकडला की मोकळ्या हद्दीत दुसरा येतो.

आणि सासूबाई सरपण काढताना आधी काठीने ठोकतात का, ते नीट बघा. त्यांचा धीटपणा बराचसा अशा सवयींचा आहे. हसल्या तरी विचारत राहा.