मनीप्लांटची फांदी थेट मॉस पोलवर (वेल चढवायला शेवाळ गुंडाळलेल्या खांबावर) लावली तर रुजेल का? (रत्नागिरी)

हो, रुजते, फक्त फांदीला किमान एक पेर (पान फुटतं तो सांधा) हवं, कारण मुळं पेरातूनच फुटतात. नुसतं पान देठासकट खोचलंत तर त्यातून नवा वेल निघत नाही. पेर पोलला टेकवून सुतळीने सैल बांधा, बुडखा दोन बोटं मातीत. महागडं मॉस कशाला, पाइपला नारळाचा काथ्या गुंडाळा (आधी दोनतीनदा धुऊन, त्यात क्षार असतात). आपल्याकडे मिरीचे वेल पोफळीवर चढतात ते असेच, पेरापेराला मुळं चिकटवत. पोल ओला राहिला तरच मुळं आत शिरतात. पावसाळ्यात मात्र रोज पाणी मारू नका. हवेतच एवढी ओल असते की बुडखा कुजतो.