परसातला इलेक्ट्रिक स्मोकर: आच किती, धूर किती?

इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे लाकडाच्या धुरात पदार्थ शिजवणारी विजेची पेटी. तिच्याबद्दल इंदूरच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो: ही धुराची पेटी आहे असं धरून लोक तिच्यात लाकूड कोंबतात. प्रत्यक्षात ती मंद आचेची भट्टी आहे. पदार्थ शिजतो तो आचेवर. धूर हा मसाला, आणि मसाल्यासारखाच तो हात राखून घालायचा.

प्रश्न: मुलाने अमेरिकेहून ८०० वॅटचा स्मोकर आणला आहे. मागच्या अंगणात जागा आहे. प्लगला ॲडॉप्टर लावून सुरू करू का? (सुदामानगर)

नका करू. आधी यंत्राच्या मागची पाटी वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. आपल्या २३० व्होल्टवर त्या एलिमेंटमधून (आतल्या तापणाऱ्या नळीतून) ठरलेल्याच्या जवळपास पावणेचार पट, म्हणजे २९०० वॅटच्या घरात शक्ती जाईल. एलिमेंट जळेल, आणि बहुधा त्याच्याआधी पॅनेलचं सर्किट जाईल.

त्यासाठी स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही निदान १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा. स्मोकर पाच-सहा तास चालतो, त्यामुळे घरातल्या लहानशा यंत्रासाठी घेतलेला ५०० व्हीएचा डबा इथे टिकणार नाही. घेताना आउटपुट १२० व्होल्टच आहे ना, ते पाहून घ्या. ११० व्होल्टवर ८०० वॅटचा एलिमेंट ६७० वॅटच देतो आणि थंडीत पेटी तापायला फार वेळ लागतो. अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरमधून थेट स्मोकरपर्यंत पोचली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पॅनेलवरचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतील: २२५ म्हणजे १०७ अंश सेल्सिअस, २५० म्हणजे १२१, २७५ म्हणजे १३५.

इथे घेतलेला २३० व्होल्टचा स्मोकर असेल तर ८०० वॅटला साडेतीन अँपिअर लागतात. लहान सॉकेटवर तो चालतो, पण तासन्‌तास चालून सैल सॉकेट तापतं. म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेंशन लागलंच तर तार निदान १.५ चौरस मिलिमीटरची हवी आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते.

जागेबद्दल दोन शब्द. बंद गच्ची, गॅरेज, काचा लावलेली बाल्कनी यांत स्मोकर कधीही लावू नये. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. भिंत, पडदे, वाळलेला पाला यांपासून तीन मीटर अंतर ठेवा. पावसात लावू नका. आणि शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे वारा जातोय का, ते आधी बघा.

प्रश्न: नवा स्मोकर पहिल्यांदा कसा वापरायचा? थेट मांस ठेवलं तर काय बिघडेल? (रामबाग)

नव्या पेटीत कारखान्यातलं तेल, गोंद आणि धूळ असते. थेट पदार्थ ठेवला तर तो वास त्यात उतरतो आणि मग कशानेही जात नाही. सगळ्या जाळ्या जागेवर लावा, पाण्याचं भांडं रिकामं ठेवा, वरची झडप पूर्ण उघडा आणि १३५ अंशांवर तीन तास चालवा. शेवटच्या पाऊण तासात अर्धा कप लाकडाच्या चिप्स टाका. आतल्या भिंतीवर फिकट तपकिरी थर येईल. तो पुढेही घासून काढू नका. वापरानंतर फक्त जाळ्या, ठिबकण्याचं ताट, दाराचं रबर आणि आतला सेन्सर पुसायचा. सेन्सरवर चरबी जमली की पॅनेल चुकीचा आकडा दाखवतं.

त्या आकड्यावर तसंही पूर्ण विसंबू नये. थर्मोस्टॅट एलिमेंट चालू-बंद करत असतो, त्यामुळे आतली आच सतत वर-खाली होते. शिवाय वरच्या आणि खालच्या जाळीतही फरक पडतो. मांसात खुपसायचा वेगळा प्रोब थर्मामीटर घ्याच. स्मोकरइतकीच ती खरेदी महत्त्वाची आहे. तो तपासायचा तर बर्फाच्या पाण्यात ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट पाहू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ९८ दिसलं तर थर्मामीटर बरोबर आहे.

प्रश्न: विलायती हिकरी-ॲपलच्या चिप्स महाग पडतात. आपल्याकडचं कोणतं लाकूड चालेल? (लोकमान्यनगर)

आंबा, पेरू, जांभूळ, बाभूळ. पेरूचा धूर सौम्य असतो, कोंबडी आणि पनीरला तो फार छान बसतो. बाभळीचा उग्र, म्हणून मटणापुरता आणि कमी प्रमाणात. आंब्याचं लाकूड सहज मिळतं, पण ते पूर्ण वाळलेलं हवं. ताजी फांदी तोडून सहा महिने आडोशाला ठेवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज यायला हवा.

साल काढा आणि नखाएवढ्या ते दोन सेंटिमीटरच्या चकत्या करा. भुसा नको, तो भडकतो. कडुनिंब कडू पडतो. देवदार-चीड यांसारखी राळेची लाकडं, निलगिरी, प्लायवूड, एमडीएफ, रंग किंवा पॉलिश लागलेले सुताराकडचे तुकडे, यांतलं काहीही नको. कण्हेर तर विषारीच आहे, तिची काडीही आत जाऊ देऊ नका.

चिप्स भिजवायच्या का, हेही पुष्कळांनी विचारलं आहे. नाही. भिजलेलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि पाणी उडून गेल्यावरच धुमसायला लागतं. सुरुवातीला दिसते ती वाफ, धूर नव्हे.

प्रश्न: कोंबडीचे तुकडे काळे पडले, चव कडू आली आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटली. चार तास सतत धूर दिला होता. चुकलं काय? (रामबाग)

चार तास सतत धूर, हीच चूक. शिवाय झडपही बंद असणार. दार उघडल्यावर आतल्या बाजूला तपकिरी, चिकट थेंब ओघळलेले दिसले का? धूर बाहेर न पडता आत कोंडला की त्याचा असा डांबरासारखा लेप बसतो, पेटीवर बसतो तसाच कोंबडीवरही. कडूपणा आणि जिभेवरचा चटका त्याचाच.

लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही संयुगं तयार होतात. धुराचा हवाहवासा वास आणि चव मुख्यतः यांची. मात्र लाकूड हवेशिवाय गुदमरलं की यांच्याबरोबर नको ते सगळंच जाड पांढऱ्या धुरात येतं. झडपेतून निघणारा धूर पातळ आणि निळसर हवा, इतका पातळ की पलीकडचं झाड स्पष्ट दिसावं.

पुढच्या वेळी असं करा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तंगड्या-मांड्यांचे तुकडे त्यात तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर पुसून, जाळीवर उघडेच तासभर पुन्हा फ्रिजमध्ये. बोट लावल्यावर किंचित चिकट लागेल इतका पृष्ठभाग सुकायला हवा, धूर त्यावरच नीट धरतो. ओलं मांस ठेवलं तर त्यावर काजळीचे डाग पडतात. स्मोकर १२० अंशांवर, झडप उघडी, अर्धा कप चिप्स सुरुवातीला आणि अर्धा कप पाऊण तासाने. बस, यापुढे लाकूड नाही. दीड ते दोन तासांत तुकडे होतात. हाडाला न टेकवता प्रोब खुपसा. ७४ अंश झाले की खायला सुरक्षित, पण मांडीचं मांस ८० ते ८५ ला जास्त मऊ लागतं.

आपल्याकडे दुकानदार न विचारताच कोंबडीची कातडी काढून देतो. स्मोकरसाठी कातडीसकट मागा, नाहीतर मांस कोरडं होतं. कातडी काढलेलीच असेल तर चक्क्याचा आणि तुपाचा लेप द्या. कातडी असली तरी मंद आचेवर ती रबरासारखी राहते, म्हणून शेवटी पाच मिनिटं तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर धरा.

प्रश्न: डिसेंबरात छान धूर यायचा. मे महिन्यात पॅनेल १०७ अंश दाखवतं, पण धूरच नाही. एलिमेंट गेला का? (सुदामानगर)

एलिमेंट ठीक आहे, नाहीतर १०७ झालेच नसते. चिप्स धुमसतात त्या एलिमेंटच्या उष्णतेने. डिसेंबरात बाहेर थंडी, त्यामुळे एलिमेंट बराच वेळ चालू राहतो. मे महिन्याच्या दुपारी पेटी उन्हानेच तापलेली असते, थर्मोस्टॅट एलिमेंट क्षणभर लावतो आणि बंद करतो. चिप्सना पेट घेण्याइतकी ऊब मिळतच नाही.

पहाटे, सावलीत लावा. चिप्स आधीच भरून १३५ अंशांवर सुरू करा, धूर दिसू लागला की पदार्थ आत ठेवा आणि मग आच उतरवा. तरी जमलं नाही तर छिद्रं असलेली स्टीलची नळी मिळते. तिच्यात खाद्यपदार्थांसाठीच बनवलेले लाकडी पेलेट भरून एका टोकाला पेटवून ठेवतात, मग एलिमेंटवर अवलंबून राहावं लागत नाही. बॉयलरचे पेलेट मात्र वापरू नका.

याच्या उलट, पेटी तापतच नसेल तर व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १८० येत असेल तर ८०० वॅटचा एलिमेंट ४९० वॅटच देतो.

प्रश्न: बोकडाची दीड किलोची रान (अख्खी तंगडी) केली. तीन तासांनी प्रोब ६८ वर आला आणि तिथेच अडकला. घाबरून आच वाढवली, तर बाहेरून वातड आणि कच्च्या पपईमुळे वरचा थर लगदा. (लोकमान्यनगर)

दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तापमान अडकतंच. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि घामाने अंग थंड व्हावं तशी रान थंड होत राहते. तिथे आच वाढवली की बाहेरचा थर वाळतो. बोकडाच्या रानेत चरबी कमी, म्हणून ती वाट बघत उघडी ठेवण्यातही अर्थ नाही. ११० अंशांवर तीन तास उघडी ठेवा, चिप्स फक्त पहिल्या दोन तासांत. ६५ च्या पुढे गेली की जाड फॉइलमध्ये १०० मिलिलिटर गरम यखनी (मटण उकळलेलं पाणी) आणि एक मोठा चमचा तूप घालून घट्ट गुंडाळा. आत ९२ ते ९५ अंश होईपर्यंत तशीच ठेवा. प्रोब लोण्यात जावा तसा शिरला की झाली. एकूण साडेपाच ते सात तास धरा आणि पाहुण्यांना तासभर उशिराची वेळ द्या. काढल्यावर फॉइलमध्येच ४० मिनिटं मुरू द्या.

पपईचं म्हणाल तर तंदुरात तीच पपई उपयोगी पडते, कारण तिथे मांस झटपट तापतं. पपईतलं पपेन ६०-७० अंशांच्या आसपास सर्वांत जोरात काम करतं, आणि स्मोकरमध्ये मांसाचा वरचा थर नेमका त्याच तापमानात तासन्‌तास राहतो. म्हणून लगदा. स्मोकरच्या रानेला पपई, कचरी (मांस मऊ करणारं रानफळ) काहीच लावू नका. मऊपणा मंद आचेतूनच येतो. किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मसाला सकाळी.

कापल्यावर कडेला गुलाबी वलय दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका. ते धगधगत्या लाकडा-कोळशातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे येतं. इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये ते फारसं तयार होत नाही. चवीशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: घरात सासूबाई शाकाहारी. एकाच स्मोकरमध्ये दोन्ही चालेल का, आणि शाकाहारी काय करता येईल? (रामबाग)

आधी खरं सांगायला हवं: पेटीच्या भिंतींवर मांसाच्या चरबीचा अंश राहतोच, कितीही पुसलं तरी. सासूबाईंना ते चालेल का, हे स्मोकर विकत घेण्यापूर्वीच त्यांना विचारा. चालत नसेल तर स्मोकर पूर्ण शाकाहारी ठेवा, करण्यासारखं पुष्कळ आहे. चालत असेल तर जाळ्या वेगळ्या ठेवा आणि शाकाहारी पदार्थ नेहमी वरच्या जाळीवर, म्हणजे काही ठिबकणार नाही.

थंडीत गराडू (आपल्या माळव्यातला कंद) करून बघाच. हाताला तेल लावून सोला, दोन सेंटिमीटरचे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडा, निथळून पंख्याखाली सुकवा. ११० अंशांवर पेरूच्या धुरात ४० मिनिटं. मग नेहमीसारखे कडक तळून वर जिरावन मसाला आणि लिंबू. आत धूर, बाहेर कुरकुरीत. वांग्याच्या भरताला मात्र निव्वळ स्मोकर पुरत नाही, साल करपत नाही. आधी गॅसवर भाजून, सोलून, मग गर अर्धा तास धुरात ठेवा. पनीरला तेलाचा हात लावून १०० अंशांवर अर्धा तास, त्याहून जास्त ठेवलं तर ते चिवट होतं.

प्रश्न: पावसाळाभर स्मोकर बंद होता. आता लावला की घराचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. थ्री-पिनऐवजी टू-पिन लावून बघू? (सुदामानगर)

असं मुळीच करू नका. अर्थिंग काढलं तर तीच गळती तुमच्या हातातून जाईल. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती हवेतला ओलावा शोषते. त्यातून वीज थोडी थोडी बाहेरच्या नळीत गळते आणि आरसीसीबी बरोबर आपलं काम करतो. इलेक्ट्रिशियनला मेगर या यंत्राने इन्सुलेशन (गळती अडवणारं आवरण) मोजायला सांगा. ओलावाच असेल तर एलिमेंट काढून ओव्हनमध्ये सुकवता येतो, पण रबरी सील आणि जोडण्यांना किती उष्णता सोसते ते पाहूनच. वाचन सुधारलं नाही तर एलिमेंट बदला. पुढच्या जूनमध्ये पेटी घरात आणून ठेवा. ती बाहेरच राहणार असेल, तर आच्छादन घाला आणि उघडीप मिळेल तेव्हा दर पंधरा दिवसांनी अर्धा तास रिकामीच चालवा.