होस्ट फॅमिलीकडे ‘नको नको’ चालत नाही

या महिन्यात एकाच विषयावर पत्रं आलीयेत, एक्सचेंज प्रोग्रॅममधून दुसऱ्या देशात जाऊन होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे तिथल्या यजमान कुटुंबात राहणाऱ्या मुलांबद्दल, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मुलुंडला राहतो. मुलगी १६ वर्षांची आहे, ऑगस्टमधे एक्सचेंज प्रोग्रॅममधून १० महिन्यांसाठी जर्मनीला चाललीये. होस्ट फॅमिलीचे फोटो आलेत, नवरा-बायको, एक मुलगा आणि एक भला मोठा कुत्रा, माणसं चांगली वाटतात पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. बॅगेत साजूक तूप, पेढे, कढीपत्ता, मेतकूट सगळं काढून ठेवलंय. ते लोक म्हणे पैसे घेत नाहीत, मग फुकट कसं राहायचं, एक पाकीट द्यावं का? आणि रोज रात्री आमची जेवणं झाली की साडेनऊ-दहाला व्हिडिओ कॉल करायचं ठरवलंय, बरोबर ना? – एक आई

उत्तर : आधी बॅग उघडा आणि तूप न् पेढे बाहेर काढा. युरोपियन युनियनमधे बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, एअरपोर्टवर सापडले तर काढून घेतात. कढीपत्ताही राहू दे, ताज्या पाल्याला, भाज्यांना, फळांना सर्टिफिकेट लागतं. यातून फक्त पाच फळं सुटलीयेत, केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन, म्हणजे गंमत बघा, नारळ नेला तर चालेल पण त्याच्याबरोबरचा कढीपत्ता नाही! मेतकूट, गोडा मसाला, सुक्या चटण्या बिनधास्त द्या. चार्जरची काळजी नको, आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमधे बसतो, तीन पिनांचं काही असेल तरच ॲडाप्टर घ्या.

पैशाचं पाकीट अजिबात देऊ नका. रोटरी, एएफएससारख्या प्रोग्रॅममधे होस्ट फॅमिली मुलाला हौसेने ठेवून घेते, त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत आणि त्यांची तशी अपेक्षाही नसते, उलट पाकीट पुढे केलंत तर बिचारे अवघडतील. गिफ्ट मात्र द्या, दादरला एक चक्कर मारलीत की वारली प्रिंटचे टेबल रनर, खणाच्या पिशव्या असं हलकं काहीतरी मिळून जाईल. पितळेची समई देऊ नका हो, एक तर वजन आणि त्यात ती घासणार कोण तिथे. मुलीचा स्वतःचा खर्च, म्हणजे फोन, शाम्पू, मैत्रिणींबरोबर बाहेर खाणं, हा तिच्या पॉकेटमनीतून होऊ दे.

आता कॉलचं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार तास. म्हणजे ऑगस्टमधे तुमचे रात्रीचे साडेनऊ-दहा म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सहा-साडेसहा, आणि बऱ्याच घरांत तीच जेवायची वेळ! सगळे टेबलावर बसलेत आणि तुमची लेक कोपऱ्यात फोनवर मराठीत बोलतेय, हे रोज झालं तर ती त्या घरात मिसळणार कधी? आठवड्यातून एकदा रविवारी निवांत बोला, मधेअधे मेसेज आहेच. पहिले काही दिवस तुम्हाला जड जाईल, तिला त्याहून कमी, कारण तिच्या अंगावर इतकं नवीन येऊन पडलेलं असेल की रडायलाही वेळ मिळायचा नाही.

आणि अजून दोन-तीन महिने हातात असतील तर काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे क्लास चालतात तिथे चौकशी करा, कारण घरात सगळे इंग्लिश बोलतील पण शाळेच्या मधल्या सुट्टीत कोणी बोलणार नाही.

प्रश्न : ताई, मी जर्मनीत आलीये, लहान गाव आहे. घरी आई-बाबांना सांगितलं नाहीये कारण ते घाबरतील. इथली आई मला विचारते अजून हवंय का, मी नको म्हणते, ती लगेच भांडं उचलते. रात्री नुसता ब्रेड, चीज, काकडी. मी व्हेज आहे, पोट भरत नाही. काल अंघोळीनंतर बाथरूममधे पाणी सांडलं होतं तर ती एकदम म्हणाली, इथे असं चालणार नाही. मला त्यांनी नाइलाजाने ठेवलंय असं वाटतंय. घर बदलून मागू का? तिला काय हाक मारायची तेही कळत नाही, मी दोन आठवडे नुसतं ‘एक्सक्यूज मी’ करतेय. – दादरची

उत्तर : अगं बाई, तू उपाशी आहेस हे त्यांना माहितीच नाहीये! आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि वाढणारा चौथ्यांदा ताटात टाकतोच, दोघांनाही ठाऊक असतं की पहिलं नको हे खरं नव्हे. तिथे आग्रह नावाचा प्रकार नाही. तू नको म्हणालीस, तिने तुझा मान ठेवला, विषय संपला. आज रात्री विचारलं की सरळ हो म्हण आणि नाही विचारलं तर तूच माग, तिथे कोणी हावरट म्हणत नाही.

ब्रेड-चीजचंही मनावर घेऊ नकोस, गरम जेवण दुपारी आणि रात्री थंड ब्रेड ही तिकडच्या कितीतरी घरांतली जुनी पद्धत आहे, तीही तेच खाते ना? तिला सांग, मला रात्री गरम लागतं, आठवड्यातून दोनदा मी सगळ्यांसाठी वरण-भात करू का. बहुतेक खूश होईल. फक्त फोडणी टाकायच्या आधी तिला विचार, खिडकी उघड, चिमणी चालू कर, कारण तिकडे घरांत, निदान झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमधे, स्मोक अलार्म लावावेच लागतात आणि आपल्या लाल मिरचीच्या फोडणीने तो बोंबलला तर अख्खं घर खोकत बाहेर येईल.

बाथरूमचं, तर ती तुझ्यावर चिडली नव्हती, ती माहिती देत होती. तिकडच्या बाथरूमला बऱ्याचदा शॉवरच्या बाहेर जाळी नसते, जमिनीवर पाणी गेलं की ते जायला जागा नाही, लाकूड फुगतं, खाली झिरपतं. आपण मग-बादलीवाले, आपल्याला ओली फरशी म्हणजे स्वच्छ फरशी. तर शॉवरचा पडदा आत घे, आतच अंग पूस, मग बाहेर पाय टाक, आणि उरलेलं पाणी फडक्याने टिपून घे. ते लोक तोंडावर बोलतात आणि पाच मिनिटांत विसरतात, मला विचारशील तर मनात ठेवून सहा महिन्यांनी टोमणा मारणाऱ्यांपेक्षा हे बरं.

हाक नावाने मार. तोंडातून निघणार नाही माहितीये, मोठ्या बाईला एकेरी नाव आपल्या घशातच अडकतं, पण तिलाच विचार की तुला काय म्हणू. शाळेत मात्र शिक्षकांना आडनावाने आणि आदरार्थीच. अजून एक, रविवारी दुकानं बंद असतात, पॅड्स वगैरे शनिवारीच आणून ठेव, अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनवरची दुकानं किंवा पेट्रोल पंप.

घर बदलता येतं, त्यात कमीपणा नाही. पण ते या कारणांसाठी नको, आधी बोलून बघ. हां, कोणाच्या वागण्याने भीती वाटली, कोणी नको तसा हात लावला, खोलीचं दार लावू दिलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता प्रोग्रॅमने दिलेल्या स्थानिक कॉन्टॅक्टला फोन, आणि आईलाही. तिथे आई घाबरेल वगैरे विचार करायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे गिरगावात दोन खोल्यांच्या घरात जर्मन मुलगा राहायला येतोय. त्याला स्वतंत्र खोली लागते का? – एक काका

उत्तर : रोटरीसारख्या प्रोग्रॅममधे स्वतंत्र पलंग लागतो, खोली तुमच्या मुलाबरोबर वाटून घेतली तर चालते, तरी तुमच्या संस्थेला एकदा विचारून घ्या. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, घरगुती यजमान असलात तरी, ते विसरू नका. पाणी फिल्टरचं किंवा उकळलेलं. पहिल्याच आठवड्यात सकाळी नऊच्या लोकलमधे त्याला घालू नका. आणि काका, तो नको म्हणाला की खरंच नको असतं हो, चौथी पुरणपोळी वाढू नका.