आंब्याची साल गोल काढली की आत काय होतं

तुम्ही लिहिता, तुमच्या मुलुंडच्या सोसायटीतला आंबा दरवर्षी नुसती पालवी काढतो, मोहोराचा पत्ता नाही, आणि माळी म्हणतो बुंध्याची साल गोल काढू. बुंध्याला हात लावू देऊ नका. उपाय खरा आहे, पण तो एखाद्या फांदीपुरता.

पाणी वर चढतं लाकडातून, पानांनी केलेली साखर खाली उतरते सालीतून. साल काढली तरी पाण्याची वाट शाबूत असते, म्हणून फांदी सुकत नाही. साखर मात्र वरच अडते. शेंड्याकडून येणारं ऑक्सिन, म्हणजे खालच्या डोळ्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक, तेही तिथेच तुंबतं. थोड्या दिवसांनी बघा, कापाचा वरचा काठ ओठासारखा फुगतो, खालचा होता तसाच. खाली ऑक्सिन पोचत नाही, त्यामुळे तिथले सुप्त डोळे फुटायला लागतात.

बुंध्यावरच वलय काढलं तर मुळं उपाशी पडतात. त्यांच्याकडून वर येणारी सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही वाढीची संप्रेरकं घटतात, वाढ मंदावते. आंब्यात जिबरेलिन पालवीच्या बाजूचं, मोहोराच्या विरोधातलं. कोकणात आंब्याला कल्टार नावाचं औषध घालतात तेही याचसाठी, त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन तयारच होऊ देत नाही. एकाच फांदीवर केलंत तर मुळांना बाकीच्या फांद्या पोसतात. मग जो फरक पडतो तो बराचसा त्या फांदीत साठलेल्या साखरेचा.

पाऊस ओसरला आणि पालवी जून झाली की मनगटाएवढी एक फांदी निवडा. चाकू स्पिरिटने पुसून तीन-चार मिलिमीटरची पट्टी काढा, लाकडात पातं जाऊ देऊ नका. एवढी जखम सहसा काही आठवड्यांत भरते. रुंद वलय भरत नाही. बुंध्याला तसं केलं की झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग मरतं. झाडं मारायला लोक हेच करतात. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरतात, तेव्हा सोसायटीने आधी पालिकेच्या उद्यान खात्याला विचारावं.

मुंबईत मोहोरासाठी रात्री गार व्हाव्या लागतात, ते कुठल्या चाकूच्या हातात नाही. आणि झाड कलमी आहे की कोयीचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. कोयीचं असून वयाने लहान असेल तर चाकू बाजूला ठेवा, त्याला अजून वेळ लागणारच.