मुलगी रात्रभर नाटकं पाहते, तिचं काय करायचं?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका वडिलांचं तीन पानी पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: मुलगी 19 वर्षांची. बारावी सायन्स, 74 टक्के. नीट दोनदा दिली. पहिल्यांदा 289 गुण, दुसऱ्यांदा 341. आता तिसऱ्यांदा बसवायचं ठरलंय. बाहेरगावचा क्लास आणि होस्टेलचा खर्च भागवायला पाच एकरांपैकी दोन एकर धानाची जमीन विकायची बोलणी सुरू आहेत. मुलगी म्हणते, नीट नको. मला झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांवर, नाहीतर गावाच्या जंगलहक्कांवर संशोधन करायचंय. वडील लिहितात, "संशोधनच करायचं तर सायन्समध्ये करावं. माझ्या साळ्याचा मुलगा केमिस्ट्रीत पीएचडी करतो, ते समजतं. नाटकावर आणि कायद्यावर कसलं संशोधन? दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं पाहते आणि वहीत काय काय लिहून ठेवते. कोणत्या गावात कोणतं नाटक, तिकीट किती, मंडळी कोणती. तिला तुम्हीच समजावून सांगा."

भाऊ, नमस्कार.

तिला काही समजावण्याआधी मला तुमच्याशीच बोलायचंय. पत्र वाचताना मी गुणांपाशी थांबलो नाही, दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यापाशी थांबलो. तुम्ही लिहिलंय, "हल्ली ती जेवायलाही बाहेर येत नाही, पण अभ्यास करत असेल म्हणून आम्ही हाक मारत नाही." हे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे खर्चाच्या हिशेबाकडे वळलात. मला ते सहज वाटत नाही. ओळीने दोन वेळा अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळालेली पोर ताटावर येत नसेल, तर ती अभ्यासात बुडाली आहे असं धरून चालू नका. आज रात्री हाक मारा. तिच्या आईला आणि तुम्हाला तिच्याबरोबर बसून जेवता येईल अशा वेळी वाढा, आणि त्या जेवणात नीटचं नावही काढू नका. झोप उडाली असेल, बोलणं तुटलं असेल, जीव नकोसा झाल्याचं ती कधी बोलली असेल, तर एक दिवसही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. करिअरचं सगळं बोलणं यानंतरचं.

आता जमीन. ती विकायची बोलणी तिच्यासमोरच झाली, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुमचा त्याग मोठा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्या पोरीच्या बाजूने पाहा. तिसऱ्या वर्षी प्रत्येक सराव परीक्षेचा निकाल लागेल तेव्हा तिला चुकलेले प्रश्न दिसणार नाहीत, धुऱ्यापलीकडे गेलेल्या बांध्या दिसतील. नको असलेल्या परीक्षेसाठी, बापाची जमीन गेल्याचं ओझं घेऊन कुणाचे गुण वाढत नाहीत. वर्षभरात 52 गुण वाढले ही मेहनत आहे, पण सरकारी मेडिकलच्या जागेपासून 341 अजून फार लांब आहेत. माझं स्पष्ट मत: तिसरी नीट नको आणि जमिनीचा व्यवहार थांबवा. इसार घेतला असेल तर परत करा. त्यात थोडं नुकसान झालं तरी चालेल.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. संशोधन म्हटलं की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक, हे चित्र फक्त तुमच्याच नाही, बहुतेक शिकलेल्या घरांच्याही डोक्यात असतं. खुद्द विज्ञानालाही ते पुरत नाही. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांवर केलेलं संशोधन पाहा. 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. तुलनेसाठी 47 गावं वेगळी ठेवली होती. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू जवळपास 62 टक्क्यांनी कमी झाले आणि 1999 साली 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ज्या झोपडीत बाळ जन्मलं, तिथेच हे संशोधन उभं राहिलं. त्याला विज्ञान करणारी गोष्ट म्हणजे नीट मांडलेला प्रश्न, तुलनेची सोय आणि काटेकोर नोंद. नेमकी हीच शिस्त चांगल्या इतिहासकाराला लागते आणि कायद्याच्या अभ्यासकालाही लागते. प्रश्न वेगळे, पुरावे वेगळे, शिस्त तीच.

तुमच्याच भागातला शंकरपट घ्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पशुवैद्यकाचा संशोधक इथे विचारेल: धावताना आणि धावल्यावर बैलाच्या शरीरावर ताण किती येतो? तो रक्त तपासेल, नाडी मोजेल. कायद्याचा संशोधक विचारेल: त्याच न्यायालयाचं मत नऊ वर्षांत बदललं ते कोणत्या युक्तिवादाने, आणि 'परंपरा' ठरवायचा अधिकार न्यायालयाचा की विधिमंडळाचा? तो दोन्ही निकालपत्रं ओळ न् ओळ वाचेल. आणि नाटकाचा अभ्यासक विचारेल: पट आणि मंडई, म्हणजे गावची जत्रा, यांच्या निमित्ताने गावोगाव नाटक लागतं, मग पट बंद असलेल्या वर्षांत त्या गावांतले प्रयोग किती कमी झाले? कोणती मंडळी तगली, कोणती बसली? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते गावानुसार, वर्षानुसार, तिकिटासकट लिहून ठेवलेल्या नोंदींत मिळेल. म्हणजे तुमची मुलगी लिहिते तशा वहीत. तुम्ही तक्रार म्हणून ते कळवलंत. मला मात्र संपूर्ण पत्रातली तीच सर्वांत आश्वासक गोष्ट वाटली. नाटक आवडीने लाखो लोक पाहतात. तिकिटाचा दर कुणी सांगितल्याशिवाय टिपून ठेवणारं पोर विरळा.

कायद्याच्या संशोधनाचं आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण तेही तुमच्या बाजूचंच आहे. नाटक मंडळ्यांची कार्यालयं ज्या वडसा म्हणजेच देसाईगंजमध्ये आहेत, तिथल्याच पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीपोटी गप्प बसणं आणि संमती देणं यात फरक आहे, हे त्यांनी निकालातलाच पुरावा घेऊन मांडलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तिचं म्हणणं गृहीत धरायचं. चार माणसांनी एक निकाल बारकाईने वाचला, त्यातून हे सुरू झालं. कायद्यावर कसलं संशोधन, याचं माझं उत्तर हे आहे.

जंगलहक्कांचा विषयही असाच जिवंत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. हक्काचा कागद मिळाल्यावर तेंदूपानाच्या पैशाचा हिशेब गावात कोण ठेवतो, ग्रामसभेत बायका बोलतात का, वनखात्याशी वाद झाला तर तो कुठे सुटतो? या प्रश्नांचा अभ्यास करायला गोंडी, झाडीबोली समजणारी, गावात राहू शकणारी माणसं लागतात. मुंबई-दिल्लीच्या अभ्यासकाला जी सहज मिळत नाही, ती ओळख तुमच्या मुलीकडे जन्मापासून आहे.

पण तिलाही खरं सांगायला हवं. भाऊ, हा भाग तिला वाचायला द्या. बाई, वहीतल्या नोंदी हा कच्चा माल आहे. त्यातून एक प्रश्न काढावा लागतो, त्यावर आधी कुणी काय लिहिलंय ते वाचावं लागतं, आणि स्वतःला आवडलेलं उत्तर चुकीचं निघालं तर ते सोडून द्यावं लागतं. इंग्रजी वाचनाची सवय लावावीच लागेल; कायद्याचे निकाल आणि बहुतेक संशोधन त्याच भाषेत आहे. ग्रंथालयातून उचललेली पानं जोडून प्रबंध तयार करणारेही आपल्याकडे आहेत, त्यांच्यात जायचं नाही. येत्या हंगामात एवढंच कर: एक मंडळी निवड, तिच्यातल्या जुन्या कलावंतांना त्यांची परवानगी घेऊन प्रश्न विचार, आणि दहा पानं लिही. दंडार या लोकनाट्यातून नाटकात आलेले म्हातारे कलावंत अजून भेटतील, त्यांच्यापासून सुरुवात कर. दहा पानं लिहिताना कंटाळा आला, तर हा छंद आहे असं समज आणि तो छंद म्हणून जप. त्यात काही वाईट नाही.

वाट कोणती? परीक्षांची नावं तुम्हाला कुठेही मिळतील: बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याला एमएच-सीईटी किंवा क्लॅट, विज्ञानात आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी, पुढे पदव्युत्तर पदवीनंतर प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा नेट. माझा सल्ला असा. यंदा तिला बीएला प्रवेश घ्या, समाजशास्त्र आणि मराठी हे विषय मिळतील अशा जवळच्या महाविद्यालयात, जिथलं ग्रंथालय रोज उघडं असतं तिथे. वर्षभरात तिचा कल कायद्याकडे दिसला तर पुढच्या उन्हाळ्यात सीईटी देता येते, नाहीतर बीएनंतर तीन वर्षांचा एलएलबी आहेच. मला स्वतःला तिच्यासाठी कायद्याची वाट जास्त पसंत आहे. वकिलीची सनद हाताशी राहते, आणि संशोधनात जम बसेपर्यंत पोटाचा प्रश्न सुटतो. प्राध्यापकाची नोकरी मिळेलच असं गृहीत धरू नका. भरती वर्षानुवर्षं रखडते, तासिका तत्त्वावर राबणारे पीएचडीधारक तुमच्याच जिल्ह्यात भेटतील. केमिस्ट्रीवाल्यांचीही तीच गत आहे, तुमच्या साळ्याच्या मुलाला विचारा.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं होईपर्यंत तिचं लग्नाचं वय निघून जाईल. हिशेब करू. बीए होईल तेव्हा ती 22 वर्षांची असेल, एमए होईल तेव्हा 24. नेटमधून जेआरएफ ही संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. जेआरएफसाठी वयाची अट 30 आहे आणि राखीव प्रवर्गांना व मुलींना त्यात सवलत आहे. जेआरएफ नाही मिळाली तर राज्यात ओबीसींसाठी महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी यांच्या अधिछात्रवृत्ती असतात. जाहिरात आली की अटी नीट वाचून अर्ज करायचा. म्हणजे पंचविशीच्या आत ती कमावू लागण्याची शक्यता आहे, आणि तुमची पाचही एकर तुमच्याकडेच. लग्न कधी करायचं ते तिला विचारा, आणि या वर्षी विचारू नका. बीएच्या प्रवेशाची शेवटची तारीख आधी पाहा. टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका क्लासवाल्यांकडे ठेवली असेल तर ती याच आठवड्यात परत आणा.