शीड उभारण्याआधी : नव्या होडीवाल्यांचे प्रश्न

मुंबईहून जुनी, चौदा फुटी फायबरची शिडाची होडी आणली आहे. रंग चकचकीत आहे. पाण्यात उतरवण्याआधी नेमकं काय बघायचं? (कोथरूड)

रंग राहू द्या, आधी हवेचे कप्पे बघा. अशा होडीत बाजूंना किंवा नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) बंद पोकळ कप्पे असतात. होडी उलटली तर ती त्यांच्या जोरावरच तरंगते. ते पाण्याने भरले, की ती सरळ करणं दोघांच्याही ताकदीबाहेर जातं.

कप्प्याची सगळी बुचं घट्ट लावा, एक भोक मोकळं ठेवा. त्यात नळी बसवून तोंडाने हलकेच फुंका, आणि दुसऱ्याने भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर फिरवायचं. डेक आणि तळ जुळतात ती कड, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) खाचेचे कोपरे, डोलकाठीचं बूड बसतं ती जागा, डेकवरचा एकेक स्क्रू. बुडबुडा दिसला की पेन्सिलीने खूण करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र लावू नका, त्या दाबाने धडधाकट सांधाही उकलतो. होडी उन्हात ठेवताना बुचं काढून ठेवायची तीही याचसाठी : आतली हवा तापून फुगते.

चीर इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या गोंदाने) भरा. सिलिकॉन लावायचा मोह होतो, पण ते पुढे सुटतं आणि त्या जागेवर नंतर इपॉक्सीही धरत नाही. बुचांचे रबरी वायसर कडक झाले असतील तर बदलाच. मग नाण्याने सगळा तळ ठोकत जा. टणक आवाज असेल तर ठीक. भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत.

होडी खाऱ्या पाण्यातली आहे, म्हणून ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलचे रिव्हेट आहेत तिथे पांढरी भुकटी दिसेल. पुसून गेली तर चिंता नाही. सुरीचं टोक आत रुतलं तर धातू खाल्ला गेलाय, ते फिटिंग जरा सरकवून चांगल्या धातूवर नव्याने बसवा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा, खालच्या टोकाशी तर जपून. कापूस अडकला म्हणजे तारेचा एक पदर तुटलाय. एकच तुटला म्हणून चालवून घेऊ नका, पूर्ण तार बदला.

डोलकाठी काठावरच्या मोकळ्या जागेत उभी करून होडी ट्रॉलीवरून पाण्यापर्यंत ढकलत नेली तर चालेल का? (वारजे)

नाही. डोलकाठी वीस फुटांच्या आसपास असते, त्यात ट्रॉलीची उंची आली. वाटेत विजेची तार असली तर ॲल्युमिनियमची काठी आणि ओल्या हातांनी होडी धरलेली माणसं, दोघांतून वीज जाते. काठी आडवीच न्या. पाण्याशी पोहोचल्यावर आधी मान वर करून बघा आणि डोक्यावर मोकळं आकाश असेल तिथेच उभारा.

मग होडीचं तोंड वाऱ्याकडे करा. आधी तारा ताणा, मग शीड चढवा, आणि शिडाचा दोर पूर्ण सैल ठेवा. तो अडकवून ठेवला तर होडी ट्रॉलीवरच कलंडते. शॅकलचे (तारा-दोर जोडायच्या U आकाराच्या कड्यांचे) पिन पकडीने आवळा, रिंगांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. सुकाणूची क्लिप 'टक्' वाजून बसली ना, ते हाताने ओढून बघा. उलटल्यावर निसटून बुडणारी वस्तू बहुतेक वेळा सुकाणूच असते.

परवानगी लागते का? (नऱ्हे)

हो. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बाजूच्या काठाला जायचं नाही.

आम्हा दोघांनाही उत्तम पोहता येतं. तरी लाइफ जॅकेट हवंच का? (सिंहगड रस्ता)

हवंच. बूमचा (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीचा) फटका डोक्याला बसला तर पोहणं कामाला येत नाही. जॅकेटचा तरंगवण्याचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. पोहता येणाऱ्याला 50 न्यूटनचं जॅकेट चालतं, न येणाऱ्याला किमान 100 न्यूटनचं हवं. घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांदे धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर माप मोठं आहे.

पहिल्या फेरीआधी काठाजवळ, छातीपेक्षा बऱ्याच खोल पाण्यात, होडी मुद्दाम उलटवा. फार उथळ पाणी नको, डोलकाठीचं टोक गाळात रुतून मोडतं. उलटल्यावर होडी सोडायची नाही. शिडांचे दोर मोकळे करा. एकाने नाळ धरून तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, दुसऱ्याने सेंटरबोर्डवर, अगदी तळाजवळ, पाय देऊन मागे झुकायचं. डोलकाठीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधलात तर होडी पूर्ण पालथी पडायची शक्यता बरीच कमी होते. दोघांनीही हे तीन-तीनदा करा. होडी सरळ झाली की पाणी उपसायला बादली लागेल, ती दोरीने बांधलेली असू द्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन पानशेतला पहिली फेरी मारायची आहे. दुपारची वेळ कशी? (कर्वेनगर)

दुपार नको, आणि पहिल्या फेरीला मुलंही नकोत. मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उठतात आणि पाऊस पडायच्या आधीच त्यांचा वारा पाण्यावर येऊन आदळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्यात डोंगरांमुळे वारा मध्येच मरतो आणि मध्येच झपाट्याने येतो. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं. खडक आणि बुंधे वर येतात, सेंटरबोर्ड आपटतो.

सकाळी निघा. ताशी 8 ते 15 किलोमीटर वारा नवख्यांना पुरेसा आहे. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला तर उतरू नका. निघताना आधी वारा जिकडून येतो तिकडे, नागमोडी वळणं घेत जा, म्हणजे थकल्यावर परतीला वारा पाठीशी असतो. धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहा. थर्मोकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर खाली मासेमारीचं जाळं आहे, वळसा घाला. काळा ढग उठताना दिसला की गडगडाटाची वाट न बघता शीड पूर्ण उतरवा आणि वल्ह्याने जवळचा काठ गाठा.