यंदाही पूर्वपरीक्षेतच अडकलो. वर्षअखेरीस स्वतःच्या प्रगतीचा आढावा कसा घ्यावा आणि पुढच्या वर्षाचे ध्येय कसे ठरवावे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिले आहे की महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात येऊन तीन वर्षे झाली, उत्तरतालिकेवरून गुण मोजले असता यंदाही पूर्वपरीक्षा निघेलसे वाटत नाही, मात्र गुण दरवर्षी थोडेथोडे वाढत आहेत आणि घरचे ‘आणखी एक वर्ष दे’ म्हणत आहेत. या शेवटच्या दोन गोष्टी एका वाक्यात आलेल्या पाहिल्या म्हणूनच मी लिहायला बसले. नेमक्या याच दोन गोष्टींवरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे बिनसले होते, आणि ते अजून पुरते मिटलेले नाही.

आधी तारखेविषयी. ३१ डिसेंबरला संपते ते कॅलेंडरवरचे वर्ष. आपले वर्ष आयोगाच्या जाहिरातीपासून निकालापर्यंत चालते आणि त्याची लांबी आपल्या हातात नसते. ज्यांनी २०१९ च्या डिसेंबरात ‘येत्या वर्षी पूर्व काढायचीच’ असे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, त्यांची ५ एप्रिल २०२० ला ठरलेली परीक्षा करोनामुळे आणि नंतरही पुन्हा पुढे ढकलल्यामुळे अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. मध्यंतरी मुले पुण्यातल्या शास्त्री रस्त्यावर उतरली ती याच कारणाने. २०२४ ची परीक्षा बँकांच्या परीक्षेशी एकाच दिवशी येत होती म्हणून २५ ऑगस्टवरून हलली आणि १ डिसेंबरला झाली. २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे २८ सप्टेंबरची तारीख ९ नोव्हेंबरवर गेली. ज्या गोष्टीची तारीखसुद्धा आपण ठरवू शकत नाही तिला वर्षाचे ध्येय म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय त्या वर्षी जागा किती निघाल्या, पेपर किती कठीण आला आणि कटऑफ कुठे लागला, हेही तिच्यात मिसळलेले असतेच.

अभ्यासाचे तास मोजून आढावा घेणाऱ्यांविषयी तर मी बोलणारच नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बैठक मारणारे आणि त्यातले चार तास चहाच्या टपरीवर आयोगाचे धोरण ठरवणारे पुष्कळ पाहिले आहेत.

आता माझी गोष्ट. मी लातूर जिल्ह्यातली, बी.एस्सी. कृषी झालेली. आम्ही मुली नवी पेठेजवळ एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचे भाडे देऊन, राहत होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत झालेल्या पूर्वपरीक्षेत माझे गुण आधीच्या वर्षापेक्षा बरेच वाढले होते आणि कटऑफ अगदी थोडक्यात हुकला होता. खोलीतल्या मैत्रिणींपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांनी ‘ग्राफ वर चालला आहे’ असे सांगितले होते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मैत्रिणी नवे वेळापत्रक भिंतीवर चिकटवण्याच्या तयारीत होत्या. कोणत्या विषयाला कोणता रंग द्यायचा यावर त्यांची रात्रभर चर्चा चालली होती. मला त्या कार्यक्रमाचा मनस्वी कंटाळा आला होता. म्हणून मी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या पूर्वपरीक्षांच्या प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकांच्या कार्बन प्रती आणि आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकांच्या छापील प्रती पुढ्यात मांडून बसले.

माझी एक सवय इथे उपयोगी पडली. परीक्षेत ज्या प्रश्नावर मी दोन पर्यायांत अडकत असे त्याच्या क्रमांकाभोवती मी पेन्सिलीने गोल करीत असे, आणि जिथे नुसता अंदाज मारत असे तिथे फुली. बाकीचे प्रश्न कोरे, म्हणजे मला उत्तर येते याची खात्री असलेले. ती पेन्सिल पुसट झाली होती तरी दिसत होती. मी सामान्य अध्ययनाच्या पेपरातले प्रश्न एकेक करून तपासले आणि प्रत्येक वर्षाचे तीन आकडे काढले: खात्रीने सोडवलेले आणि बरोबर आलेले, गोल केलेल्यांपैकी बरोबर आलेले, फुलीवाल्यांपैकी बरोबर आलेले. पहिला आकडा दरवर्षी जवळजवळ तोच होता. दोन-तीन प्रश्न इकडे, दोन-तीन तिकडे. वाढले होते ते गोलातले यश. इतिहास आणि भूगोलाच्या कोऱ्या प्रश्नांत तर काडीचाही फरक नव्हता, आणि त्याच विषयांची मी सर्वांत अधिक उजळणी केली होती.

हे किती फसवे असते ते सध्याच्या गुणपद्धतीने करून पाहा. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, आणि चुकीच्या उत्तरामागे एका प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, कापला जातो. समजा २० प्रश्नांवर तुम्ही दोन पर्यायांत अडकलात. त्यांतले १० बरोबर आले तर हाती १५ गुण लागतात. १४ आले तर २५. ज्ञान तेवढेच, फरक १० गुणांचा. कटऑफच्या आसपास १० गुणांत हजारो मुले बसलेली असतात. एका वर्षी नशीब १० वर थांबले आणि पुढच्या वर्षी १४ वर गेले, की आपण त्याला प्रगती म्हणतो, पेढे वाटत नाही एवढेच.

मी सकाळी दादाला फोन केला आणि सांगितले की येत्या परीक्षेचा अर्ज भरणार नाही. तो म्हणाला, ‘मार्क वाढायलेत की, अन् आता सोडायलीस?’ मी त्याला गोल आणि फुल्यांचा हिशेब समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला की हे सगळे मनाचे खेळ आहेत, परीक्षा एप्रिलमध्ये आहे, चार महिन्यांचा प्रश्न आहे. दादाने माझ्या खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे कधी एक दिवसही उशिरा पाठवले नाहीत, हे मी इथे मुद्दाम लिहिते. पण गावात त्याने ‘आमची पोरगी साहेब होणार’ असे सांगून ठेवले होते, आणि चार महिन्यांचा तो प्रश्न मुळात त्या वाक्याचा होता. मुलगी शिकते आहे म्हणून घरचे आडवे आले अशा कथा सगळ्यांना ठाऊक असतात. घरचे थांबू देत नाहीत, अशीही घरे असतात, आणि त्यांच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही.

आज मी आमच्याच जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे आराखडे करते. शेताची मोजणी करायची, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा विसर्ग काढायचा, पीक आणि जमिनीप्रमाणे लॅटरलमधले, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमधले, अंतर ठरवायचे आणि शेवटच्या ड्रीपरपर्यंत, म्हणजे पाणी ठिबकते त्या शेवटच्या तोटीपर्यंत, दाब पुरतो की नाही याचा हिशेब मांडायचा. पहिल्या वर्षी उसाच्या एका प्लॉटला मला दोन दिवस लागत. आता सकाळी मोजणी झाली तर संध्याकाळपर्यंत आराखडा शेतकऱ्याच्या हातात असतो. ही वाढ मला कुणी सांगावी लागत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्याकडच्या सर्व प्रश्नपुस्तिका बाहेर काढा आणि खात्रीने बरोबर आलेल्या प्रश्नांचा आकडा वर्षवार, विषयवार लिहा. खुणा केल्या नसतील तर टेस्ट सिरीजच्या पेपरांवर आजपासून करायला लागा. तो आकडा ठळकपणे वाढत असेल तर घरचे म्हणतात ते बरोबर आहे आणि माझे उत्तर तुमच्यासाठी नाही. तो जागच्या जागी असेल तर अभ्यासाचे साहित्य, पद्धत किंवा विषय यांपैकी काहीतरी मुळातून बदलल्याशिवाय आणखी एक वर्ष देणे म्हणजे तेच वर्ष पुन्हा देणे आहे. सीसॅटचा, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपराचा, हिशेब वेगळा ठेवा. आमच्या वेळी त्याचे गुण गुणवत्तेत धरले जात. आता तिथे ३३ टक्के मिळवून पात्र व्हावे लागते, म्हणून तो सुरक्षितपणे निघत असेल तर त्यावर आणखी वेळ घालवू नका.

ध्येयांविषयी माझे मत असे की त्यांत निकाल नसावा. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, लेखी १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. आमची मुख्य परीक्षा बहुतांश बहुपर्यायी होती, त्यामुळे पूर्व आणि मुख्य यांची तयारी एकाच वाचनातून होत असे. आता तसे नाही. तेव्हा ‘मुख्य परीक्षेचा अभ्यास पूर्वनंतर करू’ असे म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारेन: गेल्या वर्षात तुम्ही स्वतःच्या हाताने किती उत्तरे वेळ लावून लिहिलीत आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलीत? बहुतेकांकडे याचे उत्तर नसते. पुढच्या वर्षासाठी आठवड्याला ठरावीक उत्तरे लिहून तपासून घेणे, हे तुमच्या हातातले ध्येय आहे आणि ते आयोगाने तारीख पुढे ढकलली तरी पूर्ण होऊ शकते. त्याच्याच शेजारी दुसरी एक तारीख लिहा, थांबण्याची. ती लिहिताना खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा समोर ठेवू नका. ती शासनाने दिलेली सवलत आहे, आणि आमच्या खोलीवर तिच्याच भरवशावर कितीतरी ‘शेवटची वर्षे’ काढली गेली.

आता काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, नाहीतर हे उत्तर वाचून कुणीतरी उद्याच बॅग भरेल. मी थांबले आणि त्यानंतर तीन महिन्यांत टाळेबंदी लागली, हा निव्वळ योगायोग होता. मागे राहिलेल्या मैत्रिणींचे जे हाल झाले त्यावरून माझा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. माझ्याकडे कृषीची पदवी होती आणि गावाकडे त्या पदवीला काम होते. ज्याच्या पदवीला बाजारात मागणी नाही, त्याने थांबण्याची तारीख ठरवण्याआधी वर्षभरात एखादे कौशल्य हाताखाली घालावे, तेही ध्येयांतच धरावे. मुख्य परीक्षेपर्यंत एकदा जाऊन आलेल्याचा हिशेब वेगळा असतो, मुलाखत दिलेल्याचा तर फारच वेगळा. आणि आमच्या खोलीतल्या एकीचा कोऱ्या प्रश्नांचा आकडा माझ्यापेक्षाही कमी होता, ती पुढची दोन वर्षे टिकून राहिली आणि आज अधिकारी आहे. तिने भूगोलाची सगळी पुस्तके बदलली होती, एवढे मला माहीत आहे.

घरच्यांशी बोलताना हा कागद बरोबर न्या, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. या दिवाळीतही दादाने शेजारच्या गावातल्या एका मुलाची पोस्ट निघाल्याचे, म्हणजे तो परीक्षेतून निवडला गेल्याचे, माझ्याकडे पाहत सांगितले. मी विचारले, कितव्या प्रयत्नात? ते त्याला माहीत नव्हते. किती मुले त्याच्याबरोबर पुण्याला गेली होती आणि ती आता काय करतात, हेही त्याने कुणाला विचारले नव्हते.